चौथी पावती

स्कॉट्सब्लफला डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं.
वर्लीन होस्टेटर आली तेव्हा
मी काउंटरवरचे दिवे लावत होतो.
अंगात साखर कारखान्याचं जाकीट, बाह्यांवर बीटची माती,
काखेत बुटांचा खोका.

तिची गाडी माझ्या मागे, लिफ्टवर,
पोट उघडं टाकून टांगलेली.
डब्यात मूठभर छर्रे हलवावेत
तसं वाजणारं इंजिन.
मैल एक्केचाळीस हजार. वॉरंटी साठ हजारांची.

"सर्व्हिसिंग कुठे केलंत?"
विचारलं खरं, पण उत्तर स्क्रीनवर होतंच :
आमच्याकडे नोंद शून्य.

"माझ्या शेडमध्ये," ती म्हणाली.
"या हातांनी. गुन्हा आहे का?"

नाही.
आपल्या गाडीचं तेल आपण बदललं
म्हणून वॉरंटी मरत नाही, हे मला ठाऊक आहे.
पण अकरा वर्षांत हे वाक्य
मोठ्याने म्हणायला मला कुणी शिकवलं नाही.
शिकवलं ते एवढंच : बघावं लागेल.

"बघा की," म्हणत तिने खोका उघडला.

आधी वही. तारीख, मैल, तेलाचा नंबर,
बोल्ट किती आवळला तोही आकडा.
मध्येच एक ओळ :
उणे एकोणीस. पाना बोटांना चिकटला.
मध्येच :
कर्टिसने टॉर्च धरला. बोलत राहिला. तेल सांडलं.
दोन पानं उलटल्यावर :
टॉर्च दातांत धरला.
कर्टिसचं पुढे काय झालं
याला आमच्या फॉर्मात रकाना नाही.
मी पान उलटलं.

मग पावत्या.
पहिली, दुसरी, तिसरी. पाचवीही.
चौथी पांढरी.
हरवू नये म्हणून एवढी एकच
तिने प्लास्टिकच्या पाकिटात घातली होती
आणि पाकिटानेच अक्षरं पिऊन टाकली.
दिव्याखाली धरली, तिरकी धरली,
नखाने हलकेच खरवडली.
दुकान नाही, तारीख नाही, पैसे नाहीत.
आणि वर बसलेला माणूस, ज्याला मी कधी पाहिलेलं नाही,
नेमकी हीच मागणार.
कागदी घोडे त्याचे, लगाम त्याचा,
लीद काढायला मी.

ती काही बोलली नाही. बाहेर गेली.
दारातून बर्फाचा भपकारा आत आला,
मागोमाग ती, हातात वर्तमानपत्राचं गाठोडं.
आत जुना फिल्टर, काळा, जड,
त्यावर मार्करने : तीस हजार बारा.
"पाचही ठेवलेत. फेकायला जीव होत नाही," ती म्हणाली.

मी कागद उलगडला.
गावचंच वर्तमानपत्र, सतरा मार्च,
तारखेवर तेलाचा एक थेंबही नाही.
आणि खाली पानभर जाहिरात,
आमच्या मालकाचा हसरा चेहरा
वंगणात दातांपर्यंत बुडालेला :
तुमच्या गाडीला
फक्त आमचेच हात लागू द्या.

आधी ती हसली.
मग मागे रेंच घेऊन उभा असलेला पोरगा.
मी कॅमेऱ्याकडे पाहिलं, छतावरच्या,
आणि मग मीही.

फोटो काढले. वहीचे, फिल्टरचे, वर्तमानपत्राचे.
कोऱ्या पावतीचेही काढले, दोन्ही बाजूंनी.
वर पाठवले. शेरा लिहिला : नोंदी नीट आहेत.
एवढंच माझ्या हातात.
सोमवारी होकार येईल,
किंवा आणखी एखादा कागद मागतील.

गाडी ठेवून घेतल्याची पावती
मी प्रिंटरवरून फाडून दिली.
तिने ती तशीच परत सरकवली,
पालथी, सोबत स्वतःचं पेन.
"हाताने लिहा," म्हणाली,
"शाईने. तारीख घाला.
आणि तुमचं नाव. पूर्ण."